जुन्या कंप्युटरचे गुण

देवराज मोहल्ला, म्हैसूर
६ ऑगस्ट २०२५

साकेत बाळा,

मी म्हैसूरची अंबुमावशी, तुझ्या आईची मामेबहीण. आठवते का? तुझ्या ताईच्या लग्नात थेट स्टेजवर चढून फोटोग्राफरला 'नवरीच्या तोंडावर सावली पडतेय' म्हणून सांगणारी ती मीच. त्याने ऐकलं नाही. मत्ते, म्हणजे नंतर, अल्बम आल्यावर तुमच्या घरात काय बोलणं झालं तेही मला कळलंय.

तुझी आई म्हणाली की तू पुण्यात फोटो साफ करायचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत आहेस, आणि ते कुठल्या कंप्युटरवर किती पळतं हे मोजायचं हेच तुझं काम. आमच्या ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे रेसकोर्सवरचा पंच की!" तर पंचसाहेब, माझा एक निकाल लावून द्या.

आमचं शिलाईचं दुकान आहे. आत हे ब्लाउज कापतात आणि त्यांच्या टेबलासमोर, खिडकीशी, माझा कंप्युटर. आजूबाजूच्या गावांतले फोटोग्राफर लग्नाचे फोटो आणून देतात. मी निवडते, रंग सुधारते, कपाळावरचा घाम पुसते, अल्बम मांडून देते. आमची माणसं पूर्वी कापडावर रंग चढवायची, मी तोंडांवर चढवते, एवढाच फरक.

पण कृष्णराजनगरच्या राघवेंद्र फोटोग्राफरने नवा कॅमेरा घेतला आणि माझे दिवस फिरले. त्याचा एकेक फोटो एवढा मोठा की उघडायला सांगितलं की माझा कंप्युटर डोळे मिटून ध्यानाला बसतो. बाजारातल्या दुकानदाराने एक नवा कंप्युटर 'वापरून बघा, पटला तर ठेवा' म्हणून घरी आणून दिलाय. वर्षिणीने, म्हणजे आमच्या मुलीने, बंगळूरहून फोनवरच सगळं ठरवून टाकलं. वरची तिची खोली रिकामीच आहे, एसी आहे, नवा कंप्युटर तिथेच ठेवायचा, दुकानात कापडाचा भुगा उडतो म्हणून.

ह्यांना मात्र नवं काही नकोच. "हळू चालतंय तर चालू दे, तुला कुठली बस पकडायचीय?" म्हणतात. मी म्हटलं, बेडा, भांडण नको, पुण्याला विचारू. तू सांगशील तसं करायचं असं ठरलंय.

माझ्या मराठीत कानडी मिसळतं, सांभाळून घे. लिहायला बसलं की तेच पुढच्या बाकावर येऊन बसतं.

तुझी,
अंबुमावशी


पुणे
८ ऑगस्ट २०२५

प्रिय अंबुमावशी,

तू आठवत नाहीस असं कसं होईल? आमच्या अल्बममध्ये ताई ओळखू येत नाही, पण तिच्यामागे बोट दाखवत उभी असलेली तू अगदी स्वच्छ आली आहेस.

तुझं पत्र मी आमच्या प्रमुख बाईंना वाचून दाखवलं. त्या खूश झाल्या. आमच्याकडे कचेरीतल्या चकचकीत यंत्रांचे आकडे भरपूर आहेत, पण खऱ्या दुकानात, खऱ्या भुग्यात चालणाऱ्या कंप्युटरचे नाहीत. त्यामुळे तुझा निकाल आमच्याही कामाचा आहे.

सोबत एक दुवा पाठवतोय. तो दाबलास की चाळीस फोटोंची एक पेटी तुझ्या कंप्युटरवर उतरेल आणि तिच्याबरोबर आमचं सॉफ्टवेअर आणि त्याची चाचणी. चाचणी सुरू केलीस की ती एकेक फोटो उघडेल, त्यातले दाणे, म्हणजे कमी उजेडात येणारे ठिपके, घालवेल, रंग सुधारेल आणि शेवटी काही फोटो शेजारी शेजारी जोडून एक लांबलचक चित्र तयार करेल. या सगळ्याला जितका कमी वेळ, तितके जास्त गुण. परीक्षा दोन्ही कंप्युटरना सारखीच. चालू असताना बाकी सगळं बंद ठेव, गाणीसुद्धा.

माझा अंदाज आधीच लिहून ठेवतो. नवा कंप्युटर तिप्पट तरी गुण घेईल. जुन्याची चिप जुनी, स्मरणशक्ती तोकडी आणि चित्रांसाठी वेगळं कार्ड नाहीच. काकांना वाईट वाटू नये म्हणून निकाल जरा गोड शब्दांत सांग. यंत्राच्या बाबतीत माणसं हळवी असतात, आकडे नसतात. म्हणून तर मला हे काम आवडतं.

तुझा,
साकेत


म्हैसूर
१४ ऑगस्ट २०२५

साकेत,

तू बसला असशील तर ऊठ, आणि उभा असशील तर बस.

नवा कंप्युटर : सहाशे दहा गुण.
जुना कंप्युटर : सातशे पंचेचाळीस.

मी स्वतः वर बसून नव्याची परीक्षा घेतली, एसी लावून, शाल पांघरून. मग खाली येऊन जुन्यावर तुझी पेटी उतरवून घेतली, तेवढ्यात कुकरची आठवण झाली. हे म्हणाले, "तू जा, मी बटण दाबतो, त्यात काय मोठंसं?" जेवायला बोलवायला आले तर हे टेबलावर कोपर टेकून पडद्याकडे बघत बसलेले, एखादा बाप शाळेच्या दाराशी बसतो तसे. निकाल पडद्यावर झळकत होता.

तेव्हापासून आमच्या घरात काय चाललंय विचारू नकोस. ब्लाउज शिवायला आलेल्या प्रत्येक बाईला माप घेताना हे सांगतात, "पुण्याच्या कंपनीने परीक्षा घेतली, आमचा पहिला आला." काल हॉटेलातून चिरोटी घेऊन आले. मी विचारलं कशाबद्दल, तर कंप्युटरकडे बोट. आणि चिरोटी खाल्ली स्वतः.

वर्षिणीला फोन केला तर ती म्हणाली, "अम्मा, असं होऊच शकत नाही." मी म्हटलं, हे आकडे आहेत, आकडे हळवे नसतात असं साकेत म्हणतो. बरोबर लिहिलं ना मी?

पण खरं सांगू, मला स्वल्प आश्चर्य वाटतंय. राघवेंद्रचे फोटो उघडताना हाच कंप्युटर ध्यानाला बसतो आणि तुझे चाळीस फोटो पळवत नेतो, हे कसं?

अंबुमावशी


पुणे
१५ ऑगस्ट २०२५

अंबुमावशी,

सुट्टी असूनही उत्तर लिहितोय, यावरून माझी अवस्था ओळख.

असं होऊ नये. नव्या यंत्राचे गुण मला पटतात, जुन्याचे पटत नाहीत. तेव्हा कृपा करून जुना कंप्युटर पूर्ण बंद कर, पाच मिनिटं थंड होऊ दे, परत सुरू कर आणि ती चाचणी पुन्हा घे. पण या वेळी कुकर काकांकडे आणि बटण तुझ्याकडे. शेवटपर्यंत समोर बसून राहा.

राघवेंद्रचे फोटो तू आमच्या नाही, तुझ्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतेस ना? मग फरक तिथला असू शकेल. आमचं सॉफ्टवेअर चांगलं आहे हे मी पगार मिळतो म्हणून म्हणत नाही.

साकेत


म्हैसूर
२० ऑगस्ट २०२५

साकेत,

सांगितलंस तसं केलं. कंप्युटर थंड केला, हळदीकुंकू तेवढं लावायचं राहिलं. बटण मी दाबलं आणि डोळ्यांची पापणी न हलवता बसले. सातशे पन्नास! पाच गुण जास्तच. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांच्यावरच संशय घेतला होता.

आता शंकेला जागा नाही. नवा कंप्युटर काल परत पाठवला. दुकानदार तोंड पाडून घेऊन गेला. वर्षिणी रागावली, पण ती दर श्रावणात कशावरून तरी रागावते.

दुसरी बातमी मोठी आहे. तुझं सॉफ्टवेअर जुन्या कंप्युटरवर घोड्यासारखं पळतंय म्हटल्यावर मी राघवेंद्रचं मोठं काम घेतलं. कृष्णराजनगरच्या एका घरातलं लग्न, फोटोच फोटो. नवरी दसऱ्याच्या आधी परदेशी निघते आणि अल्बम हातात घेऊनच विमानात बसायचं म्हणते. राघवेंद्र म्हणाला, "अंबुक्का, हे वेळेत झालं तर थंडीतली सगळी लग्नं तुमची. नाही झालं तर मला बंगळूरचा माणूस बघावा लागेल, मग तुम्ही मनाला लावून घेऊ नका." मी म्हटलं, आम्हाला पुण्याची ग्वाही आहे.

ह्यांना सांगितलं तर नुसतं "एवढं मोठं काम कशाला घेतलंस?" म्हणाले आणि दोरा ओवायला लागले. पुरुषांना बायकांची प्रगती लगेच पचत नाही, असं तुझी आई म्हणते.

अंबुमावशी


पुणे
२५ ऑगस्ट २०२५

प्रिय अंबुमावशी,

तुझ्यामुळे मी इथे प्रसिद्ध झालो आहे.

तुझे आकडे मी सगळ्या कंपनीसमोर मांडले. पडद्यावर आलेख लावला. एकीकडे तऱ्हेतऱ्हेची नवी यंत्रं बुटकी उभी, आणि मध्येच एक उंच खांब, खाली लिहिलंय 'म्हैसूर, शिलाईचं दुकान'. लोक टाळ्या वाजवत होते. मी एक उपपत्तीही मांडली, की जुन्या चिपमध्ये माहितीची ने-आण करायची वाट लांबीला कमी असल्यामुळे काही विशिष्ट कामांत ती नव्यांना मागे टाकते. पाऊण तास बोललो. कुणालाच खोडता आलं नाही. प्रमुख बाई म्हणाल्या, पुढच्या महिन्यात हे बाहेरच्या लोकांसमोरही मांडू.

एक काम कर. चाचणीच्या शेवटी जोडलेलं लांब चित्र तुझ्या कंप्युटरवर साठवलेलं असेल. ते मला पाठव. ते मोठं छापून कचेरीच्या भिंतीवर लावायचं ठरलंय, खाली जुन्या कंप्युटरचं नाव घालून. काकांना सांग, त्यांचा कंप्युटर पुण्यात फ्रेममध्ये बसणार.

तुझा,
साकेत


म्हैसूर
८ सप्टेंबर २०२५

साकेत,

लांब चित्र सोबत पाठवतेय. लाव बाबा भिंतीवर. इथे मात्र तुझा पहिला नंबर भिंतीला टेकून नुसता बसलाय.

राघवेंद्रचे फोटो मी तुझ्याच सॉफ्टवेअरमध्ये घातले. एक फोटो साफ व्हायला सांगते, मी उठते, भाजी निवडते, फोडणी देते, परत येते तर तो अजून 'थांबा' म्हणतोय. दोन फोटो एकदम दिले तर पडदाच काळा. तुझे चाळीस फोटो पळत होते आणि हे चार पुढे सरकत नाहीत. माझं काय चुकतंय? सगळं बंद ठेवते. पंखासुद्धा बंद करून बघितला. अल्बम अर्धाही झालेला नाही. राघवेंद्र रोज फोन करतो आणि रोज जरा जास्त सभ्यपणे बोलतो. त्याची मला भीती वाटते.

हे फार चांगले वागताहेत. सुम्ने उगाच कॉफी करून आणून देतात. काल विचारलं, "खांदे दुखतात का?" इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. माझी दया येत असावी. मीच जेवताना धीर देते, म्हणते, काळजी करू नका, साकेत काहीतरी शोधून काढेल. तर ताटावरून उठून पाणी प्यायला जातात.

लवकर लिही.

अंबुमावशी


पुणे
१० सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप तुकोजीकाका,

मावशीला न सांगता तुम्हालाच लिहितोय, तुमच्या मोबाइलवर. एकटे असाल तेव्हा वाचा.

मावशीने पाठवलेलं लांब चित्र आम्ही मोठं करून छापायला घेतलं. ते अंगणाएवढं असायला हवं होतं, निघालं चटईएवढं. छापणाऱ्याने ताणून मोठं केलं तर माणसांच्या तोंडांचे चौकोन झाले. मग मी आकार बघितला. आमच्या चाळीस फोटोंपैकी प्रत्येक फोटो लांबीला निम्मा आणि रुंदीला निम्मा झालेला होता. म्हणजे तुमच्या कंप्युटरला कामच चौथ्या हिश्शाचं मिळालं. दुसऱ्यांदा मावशी समोर बसली तेव्हाही पेटीत तेच लहान फोटो होते.

फोटो आपोआप लहान होत नाहीत, काका. पहिल्या वेळी यंत्रापाशी तुम्ही होता. मी दोष द्यायला लिहीत नाही. फोटो खरे आहेत की नाहीत हे माझ्या चाचणीने तपासायला हवं होतं, तिने तपासलं नाही, ती चूक माझीच. पण मावशी तिकडे अडकली आहे आणि मी इकडे पाऊण तास बोलून बसलोय. तेव्हा एवढंच विचारतो. का?

तुमचा,
साकेत


म्हैसूर
१२ सप्टेंबर

चिरंजीव साकेतला तुकोजीरावाचे आशीर्वाद.

मला मोबाइलवर एवढं मोठं लिहिता येत नाही. कागदावर लिहून फोटो काढून पाठवतोय. हा फोटो लहान केलेला नाही, पूर्ण आहे. बघून घे.

होय, मीच केलं. गिऱ्हाइकांना निवडायला फोटो पाठवतात ना, ते आधी लहान करावे लागतात, मोबाइलवर जायला. ते काम ती मलाच देते. एकच बटण आहे. ती कुकर बघायला गेली, तुझी पेटी समोर उघडी होती, मी चाळीसही फोटो घेतले आणि दाबलं. मग तुझं बटण दाबलं. लबाडी करायला मला स्वयंपाकाएवढासुद्धा वेळ लागला नाही, ह्याचं माझं मलाच नवल वाटतं.

का, ते सांगतो. वर्षिणी बंगळूरला गेल्यापासून घरात आम्ही दोघं. दिवसभर दुकानात समोरासमोर. तू विचारशील, काय बोलता? काही नाही. मी शिवत असतो. ती मध्येच म्हणते, "हा नवरदेव बघा, हार घालताना जांभई देतोय." मी मान वर करतो, हसतो, परत सुई. "ही आजी बघा, सगळ्या फोटोंत जेवतेच आहे." परत मान वर. असा दिवस जातो. आता नवा कंप्युटर वर जाणार. एसी लावला म्हणजे दार लावायला पाहिजे. दार लावल्यावर तो जांभई देणारा नवरदेव ती कोणाला दाखवणार? आणि मी मान वर करून काय बघू, कॅलेंडर?

हे तिला सांगता आलं असतं. पण नोडु, बघ, ह्या वयात असं सांगायला तोंड होत नाही. लबाडी सोपी वाटली.

ती एवढं मोठं काम अंगावर घेईल हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आता रोज बघतो, ती पडद्यासमोर थांबलेली असते. आधी वाटलं, बरं झालं, थांबली की बोलेल. पण थांबलेलं माणूस बोलत नाही, नुसतं थांबतं. आता ती नवरदेवही दाखवत नाही.

तू तिला सांगू नकोस. मीच सांगतो. दोन दिवस दे. तुझी तिकडे फजिती झाली असेल तर माझं नाव घे, घाबरू नकोस, मला पुण्यात कोणी ओळखत नाही.

तुकोजीराव


पुणे
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय अंबुमावशी,

तुझं काही चुकलेलं नाही. चाचणी चुकली. तुझ्या कंप्युटरने जे फोटो पळवले ते ठरलेल्या आकाराचे नव्हते, लहान होते, आणि माझ्या चाचणीला ते ओळखता आलं नाही. जुन्या कंप्युटरचे खरे गुण शंभर-दीडशेच्या वर जाणार नाहीत. आजच्या आज त्या दुकानदाराला फोन कर आणि नवा कंप्युटर परत मागव. अल्बम वेळेत होईल, मी हिशेब करून बघितलाय.

काल कंपनीसमोर उभं राहून हे सगळं सांगितलं. या वेळी दीड मिनिट पुरलं. उपपत्तीचं काय, असं कोणीतरी मागून विचारलंच. प्रमुख बाई हसल्या नाहीत, पण त्यांचा चहा सांडला. आता चाचणीत एक नवी पायरी घातली आहे. सुरू होण्याआधी ती प्रत्येक फोटोचा आकार तपासते आणि लहान असेल तर सरळ नाही म्हणते. कचेरीत तिला सगळे 'म्हैसूर तपासणी' म्हणतात. माझं नाव निदान त्यातून वगळलंय.

आणखी एक. नवा कंप्युटर शक्यतो खाली दुकानातच ठेव. वरच्या मजल्यावर, म्हणजे, तांत्रिक दृष्ट्या, उंचीमुळे हवेचा दाब वगैरे गोष्टी असतात. तपशिलात जात नाही.

तुझा,
साकेत


म्हैसूर
१० ऑक्टोबर २०२५

साकेत,

महिनाभर लिहिलं नाही कारण आधी राग होता, मग काम होतं, मग दसरा होता. आता तिन्ही संपली.

आधी तुझ्या हवेच्या दाबाबद्दल. वरची खोली चौदा पायऱ्यांवर आहे, हिमालयात नाही. तू काय लिहिलंस त्यापेक्षा काय लिहिलं नाहीस ते मी आधी वाचलं. फोटो लहान होते म्हणतोस, कोणी केले ते लिहीत नाहीस. आमच्या घरात फोटो लहान करणारं माणूस एकच.

पत्र वाचून मी मान वर केली. हे ब्लाउज शिवायला आलेल्या लक्ष्मीदेवीचं माप घेत होते, टेप तिच्या दंडाभोवती. मी काही विचारायच्या आत त्यांनी माझं तोंड बघितलं आणि तिथेच, टेप हातात धरून, सगळं सांगून टाकलं. जांभई देणारा नवरदेव, कॅलेंडर, सगळं. लक्ष्मीदेवी हात पसरून उभी. तिला मराठी कळत नाही असं आम्हाला वाटायचं. सांगून झाल्यावर तीच कानडीत म्हणाली, "अय्यो, किती चांगले आहेत हो तुमचे यजमान!" मी म्हटलं, "मग घेऊन जा."

फार राग आला, साकेत. लबाडीचा आला तसा दुसराही आला. मी त्या पडद्यासमोर स्वतःलाच दोष देत बसले होते आणि हे कॉफी आणून देत होते. त्याच दिवशी नवा कंप्युटर मागवला, वर नेला, दार लावलं. ह्यांच्याशी बोलणं बंद. जेवणाचं ताट ठेवायचं आणि वर जायचं.

आणि तुला खरं सांगते, कोणाला सांगू नकोस. मला वर फार आवडलं. गार, शांत, मशीनची खडखड नाही, 'अक्का, माझा ब्लाउज झाला का' नाही. राघवेंद्रचे फोटो टाकले की साफ. मी पहिल्यांदा उठायला लागले भाजी निवडायला, तर मागे वळेपर्यंत झालेलं. नवरात्र बसायच्या आधी अल्बम राघवेंद्रच्या हातात होता. नवरीने आमच्या दुकानात येऊन नमस्कार केला. थंडीतली सगळी लग्नं माझ्याकडे आली.

ह्या सगळ्यात हे दिवसातून चार-पाचदा वर यायचे. दार टकटक. "कंप्युटर तापला नाही ना?" नाही. परत टकटक. "एसीचं पाणी गळत नाही ना?" नाही. एकदा आले आणि काहीच सुचलं नाही, तर उंबऱ्यात उभे राहून विचारलं, "वाजले किती?" त्यांच्याच मनगटावर घड्याळ होतं. त्या दिवशी पडद्यावर एक वऱ्हाडी होता, झोपलेला, तोंडात लाडू तसाच. मी विचारच केला नाही, खुर्ची सरकवली आणि म्हटलं, "हा बघा." हे आले, वाकून बघितलं, आणि इतके हसले की चष्मा काढावा लागला. बोलणं तिथे सुरू झालं. दार मात्र मी लावूनच ठेवलं. गार हवा जाते.

आता गंमत ऐक. नवा कंप्युटर इतका पळतो की माझं दिवसभराचं काम जेवणाच्या आत संपतं. मग वर बसून काय करू, एसी बघत? म्हणून दुपारी मी खाली येते. खिडकीतल्या माझ्या जागेवर बसते, ह्यांच्या ब्लाउजना हूक लावून देते. जुना कंप्युटर ह्यांना देऊन टाकलाय, फोटो लहान करायला. त्या कामात तो अजूनही पहिला येतो. पूर्वी मी समोर असायचे, पण माझं तोंड पडद्यात. आता अख्खी दुपार तोंड ह्यांच्याकडे. सकाळी वर जे जे बघितलं ते सगळं सांगते. लक्ष्मीदेवीही येऊन बसते, तिला नवरदेवांच्या गोष्टी आवडतात.

ह्यांना वाटतं, मी माफ केलं म्हणून खाली येते. मीही तसंच वाटू दिलंय. काल हे सुई थांबवून म्हणाले, "किती छान चालतो गं तो नवा कंप्युटर! आपण आधीच का नाही घेतला?"

माझ्या हातात सुई होती, साकेत. मी ती हुकातच घातली. एवढ्याबद्दल तरी मला पैकीच्या पैकी गुण दे.

तुझी,
अंबुमावशी